बायर्न तिकीट : आजी आणि नातवंडांना एकत्र फिरवायचं तर हेच घ्या

म्युनिकला नवीन आलेलं मराठी कुटुंब थोडं स्थिरावलं की विचारतं, "गाडी घ्यावी का?" मी सांगते, आधी वर्षभर बायर्न तिकिटावर फिरा, मग ठरवा.

हे एका दिवसाचं तिकीट अख्ख्या बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे सगळीकडे चालतं. रिजनल गाड्या, म्युनिकच्या ऊबान (भुयारी रेल्वे) आणि एसबान (लोकल), ट्राम, बस, सगळं त्यात आलं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासूनच, थेट दुसऱ्या पहाटे तीनपर्यंत. एका तिकिटावर पाच जण जाऊ शकतात. पहिल्या माणसाचा दर जास्त, पुढच्या प्रत्येकासाठी थोडीच भर घालायची. शिवाय सीमेपलीकडचं, ऑस्ट्रियातलं साल्झबुर्गसुद्धा त्यात बसतं.

स्वस्त आहे म्हणून सगळेच याचं कौतुक करतात. मला ते आवडतं ते दुसऱ्याच कारणासाठी. यात तुम्ही कुठल्याही एका गाडीला बांधलेले नसता. मुलाला बागेत अजून अर्धा तास खेळायचंय, आजींचे गुडघे दुखायला लागलेत, आभाळ भरून आलंय, तर बेत बदलायचा आणि पुढच्या गाडीने जायचं. आधी बुक केलेल्या स्वस्त तिकिटात ही मोकळीक नसते.

या उन्हाळ्यात सासूबाई मालवणहून आल्या होत्या. आम्ही दोघं, दोन मुलं आणि त्या असे पाच जण साल्झबुर्गला निघालो. रोझेनहाइम मागे पडलं तेव्हा फोनवर दिसलं की साल्झबुर्गला दिवसभर पाऊस. प्रीन आलं आणि आम्ही सरळ उतरलो. तिथून कीमझे तलावाचा धक्का जवळच आहे. बव्हेरियातला हा सगळ्यात मोठा तलाव, सुमारे ऐंशी चौरस किलोमीटरचा. इथले लोक त्याला बव्हेरियाचा समुद्रच म्हणतात. बोटीचं भाडं मात्र वेगळं पडतं, ते धरून चाला.

हेरेनइन्झेल या बेटावर दुसऱ्या लुडविग राजाचा महाल आहे. 1878 साली व्हर्सायच्या धर्तीवर बांधायला घेतला आणि 1886 मध्ये राजा गेला तेव्हा अर्धवटच राहिला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीतही आला. पण धक्क्यापासून बरंच चालावं लागतं, म्हणून आम्ही पुढच्या फ्राउएनइन्झेलला गेलो. हे बेट एवढुसं, गाड्यांना बंदी, त्यामुळे मुलांचा हात सोडून चालता येतं. तिथला नन्सचा मठ 782 सालचा. मठाच्या दुकानात मार्झिपान मिळतं, ते मुलांनी धक्क्यावर येईपर्यंत संपवलं.

बेटावरचे कोळी धुरी दिलेला मासा विकतात. सासूबाईंचा शनिवार, त्यामुळे त्यांनी डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, पण नजर सगळी माशावर. नवऱ्याच्या पावातला तुकडा त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला, काटा कसा आहे, खवलं कशी निघतात, लाकूड कुठलं जाळतात, सगळं मला विकणाऱ्याला विचारायला लावलं. लाकूड बीच नावाच्या झाडाचं, असं तो म्हणाला. "गोड्या पाण्यातलो मासो, पण ताजो दिसता," हा त्यांचा शेरा. त्या दिवशी आईंना इतकं खुललेलं पाहून मला फार बरं वाटलं.

आता सांभाळायच्या गोष्टी. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत हे तिकीट चालत नाही. साल्झबुर्गच्या मार्गावर ईसीसुद्धा धावते, तेव्हा फलाटावर गाडीचं नाव वाचूनच चढा. तिकिटावर नावं लिहायची असतात, टीसी ओळखपत्र मागतो. सायकलचं तिकीट वेगळं. ऐन उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी गर्दी इतकी की ओस्टबानहोफ या म्युनिकच्या पूर्वेकडच्या स्टेशनला चढणाऱ्याला उभंच राहावं लागतं. तुमचं घर त्या बाजूला असलं तरी ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर उलटं हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला जा आणि गाडी सुटते तिथूनच बसा. ऊबान-एसबान तिकिटातच आहे, जास्तीचा खर्च नाही.

ज्यांच्याकडे डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभरच्या रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास आहे ते विचारतील, मग हे कशाला? दोघंच असाल तर खरंच नको. पण त्यावर सहा वर्षांपुढच्या मुलांना वेगळं तिकीट काढावं लागतं आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांचाही प्रश्न उरतोच. नोयश्वानस्टाइनला जातानाही हेच घ्या, फ्युसेन स्टेशनवरून किल्ल्याकडे जाणारी बस त्यात येते. किल्ल्याचं तिकीट मात्र ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

पहिलीच सहल असेल तर टेगर्नझे निवडा. म्युनिकहून साधारण तासाभरात गाडी तलावाच्या गावात पोचते. फक्त ही गाडी वाटेत तुटते, काही डबे बायरिशझेलला, काही लेंगग्रीसला जातात. डब्यावरची पाटी वाचून सगळ्यांनी एकाच भागात बसा, आणि मुलांना शौचालय शोधायला दुसऱ्या भागात एकटं पाठवू नका.