आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये फसलो, सही करायच्या आधी वाचा

आम्ही ऐरोलीला राहतो. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, जवळच्याच एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात साध्या मोनोफोकल (एकाच अंतरावरचं नीट दिसेल अशा) लेन्सचं २८ हजारांचं पॅकेज ठरलं. त्या दिवशी आईला आत नेलं आणि दहा मिनिटांत काउन्सिलर मॅडम फाइल घेऊन बाहेर आल्या, डॉक्टर म्हणतायत मल्टिफोकल लेन्स टाकूया, जवळचं-लांबचं दोन्ही दिसेल, चष्माच लागणार नाही, आत सगळे थांबलेत पटकन सही करा... मी घाबरलो, चार पानं इंग्रजी, न वाचता सह्या केल्या. बिल ७२ हजार.

पैशाचं एक वेळ सोडा. आता रात्री ठाणे-बेलापूर रोडला समोरच्या गाड्यांच्या लाइटभोवती आईला मोठ्ठी कडी दिसतात, अंधार पडला की ती एकटी बाहेरच पडत नाही. मल्टिफोकलने असं होऊ शकतं हे दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, मग यांना माहीत नव्हतं का? आणि मोतीबिंदूला बहुतेक वेळा फक्त डोळाच बधिर करतात, आईचाही तसाच केलेला. घरी आल्यावर म्हणाली, "मला विचारायचं ना रे, मी जागीच होते की." ते अजून डोक्यातून जात नाही.

नंतर वाचलं तर सुप्रीम कोर्टाने हे २००८ सालीच समीरा कोहली केसमध्ये सांगून ठेवलंय. त्या बाईंनी फक्त दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिलेली, त्या भुलीत असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकले. कोर्ट म्हणालं सज्ञान पेशंटच्या वतीने आईची संमती चालणार नाही, जिवावर बेतलेलं नव्हतं तर शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आणि धोके, दुसरे पर्याय हे सगळं आधीच सांगायला पाहिजे.

मी लेखी अर्ज करून केसपेपर मागितले, ७२ तासांत द्यावे लागतात. फॉर्मवर "मराठीत समजावून सांगितले" समोर टिक! कोणीही काहीही समजावलेलं नव्हतं. आता ठाण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, २ वर्षांच्या आत करावी लागते, भरलेलं बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी माहिती हवी तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन असेल तर लेन्सचं नाव आणि किंमत आदल्या दिवशीच कागदावर घ्या, फॉर्म मराठीत मागा. ऑपरेशन थिएटरच्या दारात कुणी पेन पुढे केलं तर सरळ सांगा, आत जाऊन पेशंटला विचारा.