खासगी विद्यापीठाचा खरा खर्च सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर: वापरानंतरचे परीक्षण

अमेरिकेतील एखाद्या नामांकित खासगी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वर्षाच्या खर्चाचा आकडा पाहिला की अनेक पालक ते पान तिथेच बंद करतात. २०२५-२६ या वर्षासाठी हार्वर्डने शिक्षणशुल्क, इतर शुल्के, निवास आणि भोजन मिळून जाहीर केलेला खर्च ८६,९२६ डॉलर आहे, आणि एवढी रक्कम सलग चार वर्षे भरणे फार थोड्या कुटुंबांना झेपते. मात्र जाहीर खर्च आणि एखाद्या कुटुंबाला प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. ‘कॉलेज बोर्ड’ या महाविद्यालयांशी संबंधित ना-नफा संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार ना-नफा तत्त्वावरील खासगी संस्थांचे सरासरी जाहीर शुल्क ४३,३५० डॉलर होते, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अनुदाने वजा जाता प्रत्यक्ष भरलेले सरासरी शुल्क सुमारे १६,५१० डॉलर होते. आपल्या घरापुरते हे अंतर किती, हे अर्ज करण्याआधीच कळावे म्हणून केंद्र सरकारच्या साहाय्ययोजनांत सहभागी असलेल्या महाविद्यालयांना व विद्यापीठांना आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. २००८ च्या कायद्याने ही सक्ती आणली आणि ऑक्टोबर २०११ पासून ती अमलात आली. थोरल्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही नऊ खासगी विद्यापीठांचे कॅल्क्युलेटर वापरले, आणि पुढे त्यांपैकी पाच ठिकाणांहून साहाय्यपत्रे, म्हणजे किती आर्थिक मदत मिळेल हे कळवणारी पत्रे, आल्यावर दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहिले. त्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे.

नाव एकच असले तरी या साधनाचे प्रकार निरनिराळे आहेत, आणि त्यांच्या भरवशात मोठा फरक आहे. शिक्षण खात्याने दिलेल्या तयार नमुन्यावर बेतलेला कॅल्क्युलेटर मोजके प्रश्न विचारतो आणि त्या उत्पन्नगटातील विद्यार्थ्यांना पूर्वी मिळालेल्या साहाय्याची सरासरी आपल्यापुढे ठेवतो. दुसरा प्रकार विस्तृत आहे. तो उत्पन्न, भरलेला कर, बचत, घराची आजची किंमत, गृहकर्जाची शिल्लक असे सगळे विचारतो आणि त्या संस्थेच्या प्रत्यक्ष नियमांनुसार हिशेब करतो. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे वेल्स्ली कॉलेजमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फिलिप लेव्हाइन यांनी तयार केलेले ‘मायइन्ट्युइशन’, जे २०१३ मध्ये प्रथम वेल्स्लीत सुरू झाले आणि आता इतरही अनेक खासगी संस्था वापरतात. त्यात प्रश्न थोडे असतात, पण उत्तर एका आकड्यात न देता सर्वांत संभाव्य रक्कम आणि तिच्या खालची-वरची मर्यादा अशा स्वरूपात दिले जाते. अंदाज हा अंदाजच आहे हे तिथे पहिल्याच नजरेत कळते, आणि मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला.

विस्तृत कॅल्क्युलेटर भरायला आम्हाला प्रत्येकी अर्धा-पाऊण तास लागला. आयकराचे विवरणपत्र, पगाराच्या वर्षअखेरीच्या पावत्या आणि बँकेची खातेपत्रके समोर असल्याशिवाय त्याला हात घालू नये. यातली एक चूक मुद्दाम सांगतो. ‘गुंतवणूक’ या रकान्यात मी पहिल्या वेळी निवृत्तिनिधीची शिल्लकही धरली आणि अपेक्षित खर्च चौदा हजार डॉलरनी वाढून आला. पत्नीने त्या रकान्याखालच्या बारीक अक्षरांतील सूचना वाचली, तेव्हा निवृत्तिखात्यातील पैसा तिथे मोजायचा नसतो हे लक्षात आले. ‘फाफ्सा’ या सरकारी अर्जातही निवृत्तिखाते आणि राहते घर मालमत्तेत धरले जात नाही. याउलट ‘सीएसएस प्रोफाइल’ हा कॉलेज बोर्डाचा साहाय्यासाठीचा अधिक सविस्तर अर्ज मागणाऱ्या काही खासगी संस्था राहत्या घरातील आपला हिस्सा हिशेबात घेतात, आणि म्हणूनच एकाच कुटुंबाला दोन विद्यापीठांचे आकडे इतके वेगळे दिसतात. तो रकाना मी दुरुस्त केला नसता, तर मुलीच्या मनातले विद्यापीठ आम्ही यादीतून काढून टाकले असते.

पाच साहाय्यपत्रांपैकी तीन ठिकाणी कॅल्क्युलेटरचा अंदाज दोन हजार डॉलरच्या आत बरोबर आला. ही तिन्ही विद्यापीठे विस्तृत कॅल्क्युलेटर वापरणारी होती. चौथ्या ठिकाणी अंदाजापेक्षा साहाय्य थोडे जास्तच मिळाले. पाचव्या विद्यापीठाचा अनुभव मात्र वाईट होता. त्याच्या संक्षिप्त कॅल्क्युलेटरने आमचा खर्च २४,००० डॉलर दाखवला होता आणि पत्रात तो निघाला ३७,००० डॉलर. चौकशी केल्यावर दोन कारणे समोर आली. हिशेबातले शुल्क दोन वर्षांपूर्वीचे होते, आणि निकालाच्या पानावर विद्यार्थी-कर्ज आणि विद्यापीठातील कामाची मजुरीसुद्धा ‘साहाय्य’ म्हणून वजा केली होती. कर्ज फेडायचे असते आणि मजुरी कष्टाने मिळवायची असते. खर्चातून वजा होण्याचा अधिकार फक्त अनुदान आणि शिष्यवृत्ती यांचा आहे. ज्या पालकांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्यांची अशा मांडणीने खरोखर फसगत होते, आणि याचा मला मनापासून राग आहे. हा दोष कॅल्क्युलेटरपुरता मर्यादित नाही. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या, म्हणजे ‘गाओ’च्या, २०२२ च्या अहवालानुसार सुमारे ९१ टक्के महाविद्यालये आपल्या साहाय्यपत्रात निव्वळ खर्च एकतर सांगत नाहीत किंवा कमी करून सांगतात.

घटस्फोटित पालक, स्वतःचा व्यवसाय किंवा शेती, भाड्याने दिलेली मालमत्ता अशा परिस्थितीत हे साधन अपुरे पडते. तिथे साहाय्य कार्यालयाशी थेट बोलावे. परदेशातून विद्यार्थी-व्हिसावर येणाऱ्यांना केंद्रीय साहाय्य मिळत नाही आणि बहुतेक कॅल्क्युलेटर नागरिक व कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात, म्हणून त्यांनी या आकड्यावर विसंबू नये. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी अर्जदारांचा प्रवेश ठरवतानाही कुटुंबाची ऐपत पाहत नाहीत आणि पुढे पूर्ण गरज भागवतात.

देणगीनिधी मोठा असलेल्या विद्यापीठांविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. २०२५-२६ पासून हार्वर्ड आणि एमआयटी यांनी दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबांना शिक्षणशुल्क माफ केले आहे. प्रिन्स्टनमध्ये दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना निवास-भोजनासह काहीच भरावे लागत नाही. प्रवेश मिळणे अतिशय अवघड आहे हे खरे, पण खर्चाच्या भीतीने अर्जच न करणे हा पोरांवर अन्याय आहे. कर्जाची मर्यादाही आधीच पाहून ठेवावी: पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्रीय कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंतच मिळते, आणि १ जुलै २०२६ पासून ‘पॅरेंट प्लस’ या पालकांनी घ्यायच्या केंद्रीय कर्जावर प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा येत आहे. उरलेली तफावत खासगी कर्जाने भरून काढण्याच्या कल्पनेने कुणी ‘अर्ली डिसिजन’चा, म्हणजे निवड झाल्यास तिथेच प्रवेश घेण्याचे बंधन असलेला, लवकरचा अर्ज करणार असेल, तर त्याने त्याआधी कॅल्क्युलेटर भरलाच पाहिजे.

प्रत्येक निकालाचे पान आम्ही तारखेसह छापून ठेवले होते. ते पाचव्या विद्यापीठाच्या साहाय्य कार्यालयात फेरविचाराच्या अर्जासोबत दिले आणि तिथल्या अधिकारी बाईंनी दोन्ही आकडे ओळीने तपासले. तीन आठवड्यांनी अनुदान ४,२०० डॉलरनी वाढले. तरीही आम्ही ते विद्यापीठ घेतले नाही, कारण ज्या ठिकाणी अंदाज आणि पत्र जुळले तिथला खर्च कमी होता. छापलेली पाने मात्र फाइलमध्ये तशीच ठेवली आहेत. साहाय्याचे अर्ज दरवर्षी नव्याने भरावे लागतात, आणि धाकट्या मुलाची अकरावी सुरू झाली आहे.