डेटाव्हर्सवर संशोधनाचा डेटा: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या गटाच्या सर्व्हेंचा डेटा आधी शेअर्ड ड्राइव्हवर असायचा. कुणी मागितला की लिंक पाठवायची, आणि मग कुठला कॉलम म्हणजे काय हे फोनवर समजावत बसायचं. आता सगळे डेटासेट डेटाव्हर्सवर आहेत आणि नवीन सर्व्हे सुरू झाला की त्याचा ड्राफ्ट पहिल्याच आठवड्यात तिथे उघडतो. इतक्या वापरानंतर माझं मत ठाम झालं आहे. डेटा सांभाळायचं काम रिपॉझिटरी, म्हणजे तो जपून इतरांना देणारी ऑनलाइन व्यवस्था, उत्तम करते, पण तो समजावून सांगायचं काम शेवटी आपलंच असतं. ते काम अभ्यास चालू असतानाच उरकायला डेटाव्हर्सची रचना मदत करते, आणि मला ते आवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेटाव्हर्स हे अशी रिपॉझिटरी चालवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट फॉर क्वांटिटेटिव्ह सोशल सायन्समध्ये २००६ पासून ते घडत आलं आहे. कुठलीही संस्था ते आपल्या सर्व्हरवर बसवू शकते, त्यामुळे मी सांगतो त्यातला एखादा पर्याय तुमच्याकडे बंद असू शकतो. संस्थेकडे स्वतःची व्यवस्था नसेल तर हार्वर्ड डेटाव्हर्स सगळ्या देशांतल्या संशोधकांना खुलं आहे.

नवीन डेटासेट तयार करताना सक्तीचे रकाने सहसा पाचच असतात: शीर्षक, लेखक, संपर्काचा ईमेल, वर्णन आणि विषय. पाच मिनिटांत भरून होतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. खरी कामाची माहिती त्यापुढच्या रकान्यांत असते आणि ते रकाने ड्राफ्ट एकदा सेव्ह करून मेटाडेटा (डेटाबद्दलची माहिती) पुन्हा उघडला की पूर्ण दिसतात. त्यात एक जोडी फार महत्त्वाची आहे. डेटा कुठल्या काळाबद्दल आहे हा एक रकाना, आणि तो गोळा कधी केला हा दुसरा. २०२३ मध्ये घरोघरी जाऊन मागच्या वर्षीचा खर्च विचारला असेल तर पहिल्यात २०२२ येतं आणि दुसऱ्यात २०२३. हा फरक लिहिलेला नसेल तर वापरणारा सरळ २०२३ चा खर्च म्हणून तो आकडा घेतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

हे रकाने भरण्याचा आणखी एक फायदा आहे. डेटासेट पब्लिश झाला की हीच माहिती सर्च इंजिनांना वाचता येईल अशा साच्यातही बाहेर जाते, आणि गूगल डेटासेट सर्चसारख्या सेवा त्यावरच चालतात. आमच्याकडे ओळख नसलेल्या लोकांचे ईमेल येऊ लागले ते कीवर्ड आणि भौगोलिक व्याप्ती नीट भरल्यानंतर. डेटा इतरांना सापडावा आणि पुन्हा वापरता यावा यासाठी २०१६ साली मांडलेल्या फेअर तत्त्वांत डेटा सापडण्याजोगा असणं हे सगळ्यात पहिलं येतं. त्याचा अर्थ मला हे ईमेल आल्यावर पटला.

फाइलींबाबत डेटाव्हर्सची खासियत म्हणजे ते टेबलाच्या फाइली उघडून आत पाहतं. एसपीएसएस, स्टाटा, आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची किंवा स्वल्पविरामांनी विभागलेली सीएसव्ही फाइल चढवली की मूळ फाइल तशीच ठेवून तिची एक साधी, टॅबने विभागलेली प्रत तयार होते. उद्या ते महागडं सॉफ्टवेअर कुणाकडे नसलं तरी डेटा उघडतोच. शिवाय यूएनएफ नावाचा एक ठसा, म्हणजे डेटावरून काढलेली ओळखीची अक्षरमाला, निघतो. एमडी५ हा नेहमीचा ठसा फाइलीच्या बाइटवरून काढतात, त्यामुळे फाइलीचा फॉरमॅट बदलला तरी तो बदलतो. यूएनएफ आतल्या किमतींवरून काढतात, एरवी सात सार्थ अंकांपर्यंत. म्हणजे फॉरमॅट कुठलाही असो, आकडे तेच असतील तर ठसाही तोच. पेपरमधल्या संदर्भात हा ठसा असला की आपण त्याच आकड्यांवर काम करतोय याची वाचणाऱ्याला खात्री करून घेता येते.

पण इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. एसपीएसएस किंवा स्टाटाच्या फाइलीत व्हेरिएबलची (म्हणजे प्रत्येक कॉलमची) लेबलं आणि उत्तरांच्या कोडचे अर्थ आत साठवलेले असतात, ते डेटाव्हर्स उचलतं. सीएसव्हीत फक्त कॉलमची नावं असतात. तुमचं काम सीएसव्हीवर चालत असेल तर कोडबुक, म्हणजे प्रत्येक कॉलमचा अर्थ सांगणारी यादी, हाताने लिहिण्याला पर्याय नाही.

आणि कोडबुकावरच मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. एकच व्हेरिएबल घ्या: उत्पन्न. कॉलमचं नाव ‘उत्पन्न’ आणि आत आकडे, एवढ्यावर काहीच ठरत नाही. महिन्याचं की वर्षाचं? एका माणसाचं की सगळ्या घराचं? हातात आलेलं की कपातीआधीचं? शेतीतून आलेलं धान्य पैशात धरलं आहे का? शून्य म्हणजे उत्पन्न नाही, की नोंद राहिली? ‘सांगायचं नाही’ म्हणणाऱ्याला कुठला कोड दिला आणि ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला कुठला? आमच्या एका फाइलीत या दोघांसाठी उणे ९८ आणि उणे ९९ असे कोड होते. कोडबुक न उघडता कुणी सरासरी काढली तर हे आकडेही बेरजेत जातात आणि सरासरी थोडीशीच खाली येते. थोडीशीच येते म्हणून ती कुणाला खटकत नाही, आणि हाच त्यातला धोका आहे. म्हणून आता प्रत्येक व्हेरिएबलपुढे प्रश्नाचे नेमके शब्द, एकक, किमतींची मर्यादा, न मिळालेल्या उत्तरांचे कोड आणि तो प्रश्न कुणाला विचारला नव्हता, एवढं लिहिल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. ‘नोकरी करता का’ला ‘नाही’ म्हणणाऱ्याला पगाराचा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि डेटात ते रिकामं घर नुसतं रिकामं दिसतं.

रिकाम्या घरात ‘एनए’ ही रोमन अक्षरं लिहायची सवयही तपासून पाहा. पायथन भाषेत डेटा हाताळायला वापरतात ते पांडास ती अक्षरं दिसली की आपोआप ‘किंमत नाही’ असं धरतं, आणि नामिबियाचा दोन अक्षरी देशकोड नेमका तोच आहे. देशांची यादी असलेल्या फाइलीतून एक अख्खा देश गायब होऊ शकतो. एक्सेलचंही तसंच: कोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात, काही शब्दांच्या तारखा होतात. जीवशास्त्रात हा त्रास इतका झाला की २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने मार्च आणि सेप्टेंबरच्या लघुरूपांसारखी दिसणारी नावं बदलली. देवनागरीत उत्तरं असतील तर आणखी एक पायरी आहे. यूटीएफ-८ या अक्षरसाठवणुकीच्या पद्धतीतली सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की अक्षरांचा चुराडा दिसतो. फाइलीच्या सुरुवातीला बीओएम ही पद्धत ओळखवणारी अदृश्य खूण असेल तर ती नीट उघडते, पण मग काही प्रोग्राम पहिल्या कॉलमच्या नावाला तीच अदृश्य अक्षरं चिकटवतात. आम्ही बीओएमशिवाय ठेवतो आणि एक्सेलमध्ये ‘इंपोर्ट’ने कशी उघडायची ते रीडमीत, म्हणजे डेटासोबतच्या माहितीच्या फाइलीत, लिहितो.

रीडमी साधी टेक्स्ट फाइल असावी, वर्ड नको. कुठली फाइल कशासाठी, कच्च्या डेटापासून शेवटच्या फाइलीपर्यंत कुठली स्क्रिप्ट कुठल्या क्रमाने चालवायची, कुठल्या नोंदी का वगळल्या, हे त्यात यावं. वगळलेल्या नोंदींचं कारण पेपरमध्ये एका वाक्यात संपतं, रीडमीत त्याला पूर्ण जागा देता येते.

झिप चढवली की डेटाव्हर्स ती आपोआप उघडतं आणि आतले फोल्डर जपून फाइली सुट्या करतं. बहुतेक वेळा हेच हवं असतं. झिप झिपच राहायला हवी असेल तर ती आणखी एका झिपमध्ये घालून चढवायची. मोठ्या फाइलींसाठी मात्र ब्राउझरवर अवलंबून राहू नका. आमच्या संस्थेच्या सर्व्हरवर अपलोड मध्येच तुटायचं. एपीआयवरून, म्हणजे ब्राउझरऐवजी स्क्रिप्टने थेट, चढवायला लागल्यापासून तो प्रश्न सुटला.

व्हर्जनची पद्धत मला फार पटली आहे. पब्लिश झालेलं व्हर्जन तसंच राहतं. वर्णनातली चूक सुधारली तर १.१ करता येतं, फाइल बदलली तर २.० होतं, आणि कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं ते शेजारी शेजारी पाहता येतं. डीओआय, म्हणजे डेटासेटचा कायमचा ओळख क्रमांक, मात्र सगळ्यांना एकच, म्हणून संदर्भ देताना व्हर्जनचा आकडा लिहायलाच हवा. झेनोडोची रीत वेगळी आहे. सर्नने २०१३ मध्ये सुरू केलेल्या या रिपॉझिटरीत प्रत्येक व्हर्जनला स्वतंत्र डीओआय मिळतो आणि सगळ्या व्हर्जनना मिळून आणखी एक. गिटहबवरचा कोड जपायचा असेल तर मी झेनोडोच सुचवीन, कारण गिटहबवर रिलीज काढला की तो तिथे आपोआप जमा होतो. झेनोडोत एका नोंदीला एरवी ५० जीबी आणि १०० फाइलींची मर्यादा आहे. सर्व्हेसाठी मात्र व्हेरिएबलपर्यंत उतरणारं डेटाव्हर्स मला जास्त सोयीचं वाटतं.

ड्राफ्ट लवकर उघडायचं एक व्यावहारिक कारणही आहे. डीओआय ड्राफ्टमध्येच दिसतो, त्यामुळे पेपर लिहितानाच तो घालता येतो. डेटासेट पब्लिश झाला की तोच चालू होतो. पेपर तपासणाऱ्यांना पाठवायला ड्राफ्टची खाजगी लिंकही काढता येते.

लायसन्सवर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. डेटाव्हर्समध्ये सहसा सीसीझीरो हे सगळे हक्क सोडून देणारं लायसन्स आधीच निवडलेलं असतं, म्हणजे श्रेय देण्याची कायदेशीर अट राहत नाही. वरिष्ठांना ते पटेना, आणि त्यांची काळजी समजण्यासारखी होती. पण पाच ठिकाणचे डेटासेट एकत्र करणाऱ्याला प्रत्येकाच्या अटी पाळत बसणं किती अवघड जातं हे पाहिल्यावर मी सीसीझीरोच्या बाजूचा झालो. संदर्भ देणं ही संशोधनातली रीत आहे आणि लायसन्सची अट नसली तरी ती सुटत नाही.

माणसांचा डेटा असेल तर पब्लिश करण्याआधीची सगळ्यात सावध पायरी ओळख लपवण्याची. नाव आणि फोन नंबर काढले की झालं, असं अनेकांना वाटतं. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख पिनकोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्यावरून पटू शकते. आम्ही जन्मतारखेऐवजी वयोगट देतो, गावाऐवजी जिल्हा, आणि मोकळ्या उत्तरांचा कॉलम एक एक ओळ वाचून मगच ठेवतो, कारण लोक बोलता बोलता शेजाऱ्याचं नावही सांगून जातात. जे उघड करता येत नाही त्या फाइलीवर डेटाव्हर्समध्ये प्रवेशबंदी घालता येते: ती फाइल आहे हे सगळ्यांना दिसतं, उतरवायला परवानगी मागावी लागते. डेटासेट मागे घेण्याचीही सोय आहे, पण त्याचं पान कारणासकट तिथेच राहतं आणि आधी उतरवलेल्या प्रती परत येत नाहीत. म्हणून ही तपासणी दोघांनी वेगवेगळी करावी, असा आमचा नियम आहे.

संपर्काच्या रकान्यात एका माणसाचा ईमेल न देता गटाचा द्या. पीएचडी संपली की माणसं जातात, त्यांचे पत्ते बंद होतात, आणि परवानगी मागणारे संदेश कुणालाच पोचत नाहीत. डेटासेट संपादित करायचे अधिकारही किमान दोघांकडे असू द्या.