क्लच की क्रॉस? जुन्या ओम्नीची थरथर

बेळगावातून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की जुनी ओम्नी थरथरते. मग उद्यमबागेतल्या गॅरेजात कुणी म्हणतो क्लच टाका, कुणी म्हणतो प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेलाय. पैसे काढण्याआधी थरथर नेमकी कधी येते ते बघा.

पहिल्या गिअरला गाडी उचलतानाच हादरे, आणि पेडल पूर्ण सुटलं की शांत, तर संशय क्लचवर. क्लच प्लेटला तेल लागलेलं असतं, किंवा फ्लायव्हील (ज्यावर ती प्लेट दाबून बसते ते चाक) तापून डागाळलेलं. (इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंगचं रबर मेलं तरी असंच होतं, आणि ते स्वस्त. आधी तेच बघा.) चढावर इंजिन ओरडतंय, गाडी मात्र ओढत नाही, वर करपट वास, म्हणजे प्लेट घसरतेय. तरी क्लचची केबल जास्त ताणलेली नाही ना, पेडलला थोडी ढील आहे ना, हे तपासा. एवढ्यावरच भागतं कधीकधी.

क्रॉसचं तसं नाही. त्याची थरथर वेगासोबत वाढते. हायवेवर साठच्या आसपास, मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर क्लच दाबा; थरथर तशीच राहिली तर दोष बहुधा क्लचचा नाही, कारण शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतो. घाटात हा प्रयोग नको हं! रिव्हर्समधून पुढचा गिअर टाकताना खालून ‘टक्’ आलं तर बहुधा क्रॉसच. स्टिअरिंगच हलत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग.

मी तरी क्रॉस आधी तपासेन. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्रॉसला नाही.