पॉटरीच्या भट्टीसाठी घेतलेला व्हेंच्युरी बर्नर: बीड चांगलं, जेट चुकीचा (३.५/५)

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. राकू किंवा बिस्क फायरिंग, म्हणजे कमी तापमानाच्या भाजण्या, करत असाल तर घ्या, आहे तसा लावा, काही बदलायची गरज नाही. स्टोनवेअर करायचं असेल, म्हणजे कोन ६ वगैरे (कोन हे भाजणीचं माप, ६ म्हणजे साधारण १२४० डिग्री), तर घ्या पण सोबत एक लेथवाला शोधून ठेवा. आणि कोन १० ची, म्हणजे १३०० च्या आसपासची, स्वप्नं बघत असाल तर या बर्नरच्या नादी लागू नका.

आता सविस्तर. दोन बर्नरचा सेट ऑनलाइन मागवला, विक्रेत्याचं नाव लिहीत नाही कारण असे बर्नर आता डझनभर लोक विकतात आणि सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. बिडाची (ओतीव लोखंडाची) बॉडी, आत व्हेंच्युरीचा गळा, म्हणजे मध्ये निमुळती होणारी नळी, मागे फिरवायचं हवेचं शटर, गॅस सुटायचं बारीक भोक असलेला पितळी जेट, पुढे स्टेनलेसचा सरळ नळीसारखा नॉझल, आणि सोबत एक हाय प्रेशर रेग्युलेटर. जाहिरातीत ठळक अक्षरात "१३०० डिग्री". माझी भट्टी छोटी, सहा घनफुटांची, आतून २३ ग्रेडची इन्सुलेशन वीट आणि मागे सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे भट्टी गळकी आहे असं म्हणायला जागा नाही. त्यात हा बर्नर डब्यातून काढून जसाच्या तसा लावला तर १०५० च्या पुढेमागे जाऊन अडकतो. मग रेग्युलेटर कितीही फिरवा, मीटरवरचा आकडा हलत नाही, उलट कधीकधी चार डिग्री खालीच येतो आणि धुरांड्यातून पिवळी जीभ बाहेर यायला लागते.

इथे बाकीच्यांचे पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचून गंमत वाटली, "ज्योत दोन फूट लांब येते, एक नंबर" टाइप. अहो, भट्टीत लांब ज्योत म्हणजे कौतुकाची गोष्ट नाही, गॅसला हवा मिळत नाहीये आणि तो हवा शोधत फिरतोय एवढाच त्याचा अर्थ. एलपीजी आणि हवा नीट मिसळून जळाली तर ज्योतीचं तापमान कागदावर १९०० च्या वर जातं, म्हणजे १२४० साठी गॅसमध्ये दम कमी नाही. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण साडेपंधरा किलो हवा लागते, म्हणजे तेरा घनमीटरच्या आसपास. ही एवढी हवा आत कशी येणार? पंखा नाही, ब्लोअर नाही. जेटमधून जोरात सुटलेला गॅस मागच्या शटरमधून हवा ओढून घेतो, त्याच जोरावर सगळा खेळ आहे.

आणि इथेच बहुतेक लोक फसतात. वाटतं की प्रेशर वाढवलं की गॅस जोरात येईल, जास्त हवा ओढेल, मिश्रण सुधारेल. होत नाही तसं. प्रेशर वाढवल्यावर हवा वाढते हे खरं पण गॅसही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे मिश्रण आधी जेवढं रिच (गॅस जास्त, हवा कमी) होतं तेवढंच रिच राहतं, फक्त आता जास्त गॅस वाया जातो. गॅसमागे किती हवा ओढली जाणार हे मुख्यतः जेटचं भोक आणि व्हेंच्युरीचा गळा यांच्या मापावर ठरतं. गळा बिडाचा, तो काही आपण बदलत नाही. राहिला जेट.

तर या सेटमधला जेट आहे १.५ मिमीचा. माझ्या मते हा बर्नर मुळात केटरिंगच्या भट्टीसाठी बनलाय, मोठ्या पातेल्याखाली उघड्यावर जळायला, तिथे ज्योतीला चारी बाजूंनी हवा मिळते त्यामुळे बर्नरमधून कमी आली तरी चालून जातं. तोच माल नवीन लेबल लावून पॉटरीवाल्यांना विकलाय. बंद भट्टीत चारी बाजूंनी हवा कुठून आणणार.

मी जेट १.१ मिमीचा करून घेतला. भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांनी पितळेच्या तुकड्यातून काढून दिले, ड्रिल मशीनवर न मारता लेथवर मारले म्हणजे भोक बरोब्बर मध्यात. १.५ वरून १.१ ऐकायला किरकोळ वाटतं पण क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर येतं. त्यामुळे तेवढ्याच गॅससाठी प्रेशर जास्त ठेवता येतं, गॅस जास्त वेगाने सुटतो आणि प्रत्येक किलोमागे जास्त हवा ओढतो. फरक लगेच दिसला, ज्योत आखूड झाली, आत निळा सुळका, आवाज भसभस होता तो घुमल्यासारखा एकसारखा झाला. १ बारला एका जेटमधून साधारण दीड किलो गॅस तासाला जातो, आधी हाच आकडा तीनच्या घरात होता आणि तरी तापमान कमी! कमी गॅसमध्ये जास्त तापमान हे माझ्या नवऱ्याला पटवायला वेळ लागला, सिलेंडरची पावती बघून पटलं.

जेट बदलताना अजून एक गोष्ट सापडली, जेट ज्या आडव्या पट्टीत बसतो ती पट्टीच एका बाजूला सरकलेली होती, डोळ्यांनी बघितलं तरी कळत होतं. गॅसची धार गळ्याच्या मधोमध न जाता एका भिंतीला घासत गेली की हवा ओढायची ताकद मार खाते आणि ज्योतही एकाच बाजूला चाटते. दोन बर्नरपैकी एकाचंच असं होतं म्हणजे क्वालिटी चेक नावाचा प्रकार नाही. याचा अर्धा स्टार कापला. मिळाल्यावर आधी हे बघा, नॉझलकडून टॉर्च मारून आत डोकावलं की जेट मध्यात आहे का लगेच दिसतं. आणि कृपा करून जेट साफ करायला सुई किंवा तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक लंबगोल झालं की संपलं.

नॉझलबद्दल. सरळ नळी आहे, त्यामुळे भट्टी थंड असताना प्रेशर जरा वाढवलं की ज्योत नॉझल सोडून पुढे उडते आणि विझते. मिश्रणाचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा फार जास्त झाला की असं होतंच, एलपीजीची ज्योत मिश्रणात सेकंदाला जेमतेम ४० ते ४५ सेंटीमीटर सरकते. उलट बाजूने, प्रेशर अगदी कमी केलं की ज्योत नळीत मागे येऊन जेटपाशी जळायला लागते, फरफर आवाज येतो आणि बॉडी तापते. असा आवाज आला तर विचार करत बसू नका, गॅस लगेच बंद करा, गार होऊ द्या, मग परत पेटवा. चांगल्या बर्नरला मुख्य ज्योतीभोवती बारीक भोकांची कडी असते, त्यातल्या छोट्या ज्योती मोठीला धरून ठेवतात. इथे ती नाही. मी लेथवरच तोंडाकडे थोडा फाकत जाणारा नॉझल करून घेतला, १ ला १२ चा उतार, फोर्ज (लोहारकामाची भट्टी) बनवणारे हौशी लोक हेच माप वापरतात. रुंद होत गेल्यामुळे मिश्रण तोंडाशी मंदावतं आणि ज्योत तिथे टिकते. स्टेनलेस ३१० ग्रेडचा घ्या, ३०४ चा घेतला तर काही फायरिंगमध्ये पापुद्रे सुटायला लागतात. सेटबरोबर आलेल्यावर नुसतं "एसएस" लिहिलंय, कुठला ते विचारल्यावर उत्तर आलं "मॅडम बेस्ट क्वालिटी".

एवढं करूनही मी ११८० ला अडकले होते आणि त्यात बर्नरचा काही दोष नव्हता हे प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण लोक भट्टीची पापं बर्नरच्या माथी मारतात. असे बिनपंख्याचे बर्नर लागणारी सगळी हवा मागून ओढू शकत नाहीत, उरलेली हवा बर्नर आणि भट्टीच्या भोकामधल्या फटीतून धुरांड्याच्या ओढीने येते. धुरांड्याची ओढ कमी असेल तर ही फटीतली हवा येतच नाही. जास्त असेल तर थंड हवा धोधो आत येते आणि सगळी उष्णता वर घेऊन जाते. म्हणजे सगळा खेळ डँपरचा, धुरांड्याची वाट कमीजास्त करायच्या झडपेचा. मी नॉझल भोकाच्या तोंडापासून तीनेक सेंटीमीटर मागे ठेवलाय, आत घुसवला तर वितळायची भीती आणि फटही बंद होते. डँपर थोडा थोडा सरकवत, प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबून मीटर बघायचं. स्पायहोलमधून (भट्टीत डोकवायचं भोक) अगदी बारीक, बोटभर ज्योत बाहेर डोकावली म्हणजे आतलं प्रेशर बरोबर.

स्पायहोलवरून आठवलं, त्याला बूच लावा हो. १००० डिग्रीला भोकातून जेवढी उष्णता प्रकाशासारखी बाहेर फेकली जाते त्याच्या जवळजवळ दुप्पट १२४० ला जाते, कारण हे प्रकरण केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर चालतं. त्यामुळे शेवटचे दोनशे डिग्री पहिल्या आठशेपेक्षा जड जातात. शिवाय त्या तापमानाला निम्म्याहून जास्त उष्णता तशीही धुरांड्यातून निघून जाते, तिला अजून वाटा कशाला काढून द्यायच्या.

पुण्यातल्यांसाठी एक बारीक गोष्ट, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, हवा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे मुंबईत नीट चाललेला जेट इथे किंचित रिच चालतो. शटर अजून थोडं उघडलं की भागतं. मूळ जेटला मात्र शटर पूर्ण उघडूनही पुरत नव्हतं, म्हणजे ते शटर शोभेला होतं. आता त्याचा खरा उपयोग होतो, रिडक्शन, म्हणजे मुद्दाम हवा कमी देऊन भाजणं, करायचं असेल तेव्हा तासाभरासाठी थोडं बंद करायचं, सेलॅडॉन ग्लेझला छान हिरवट छटा येते. पण रिडक्शन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो, भट्टी उघड्या शेडमध्ये नसेल तर हे करूच नका.

सिलेंडर १९ किलोचे कमर्शियलच घ्या, घरगुती लाल सिलेंडर यासाठी वापरणं नियमात बसत नाही. एका सिलेंडरवर दोन्ही बर्नर लावले तर काही तासांत सिलेंडरच्या अंगावर बर्फ धरतो आणि प्रेशर पडतं, कारण आतला द्रव गॅस व्हायला उष्णता लागते आणि ती सिलेंडरच्या पत्र्यातूनच येते. थंडीत तर जास्तच, आपल्या एलपीजीत ब्युटेन बरंच असतं आणि त्याचा उत्कलनबिंदू शून्याच्या आसपास आहे, डिसेंबरच्या पहाटे फायरिंग सुरू करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन सिलेंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे दोन्हींचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीवर, जोडा. गरम पाण्याच्या टबात सिलेंडर ठेवायचे उद्योग करू नका, बघितलेत मी असे लोक.

सेफ्टीला मात्र पाचपैकी एक. फ्लेम फेल्युअर वॉल्व्ह नाही. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद व्हायला हवा, थर्मोकपल ज्योतीत गरम असतं तोवर काही मिलिव्होल्ट तयार होतात आणि त्यावर वॉल्व्ह उघडा राहतो, गॅस गिझरमध्येही ज्योत विझली की गॅस बंद करायची सोय असते, एवढ्या मोठ्या बर्नरला का नाही? एलपीजी हवेपेक्षा जड, विझलेल्या बर्नरमधून निघालेला गॅस भट्टीच्या तळाशी साचतो आणि कोणीतरी लायटर घेऊन वाकतं. मी वेगळा वॉल्व्ह घेऊन बसवला, तेवढा खर्च धरूनच बजेट करा. सोबतच्या रेग्युलेटरला गेज नाही म्हणजे अंदाजपंचे, ० ते २ बारचा गेजवाला वेगळा घ्या. होज हाय प्रेशरचीच, स्वयंपाकघरातली केशरी नळी अजिबात नाही, ती घरगुती रेग्युलेटरच्या ३० मिलिबारसाठी असते आणि इथे आपण बारमध्ये बोलतोय.

सर्व्हिस बरी आहे. माल वेळेत आला, पॅकिंग मजबूत, बीड खरोखर चांगलं, आतून गळा गुळगुळीत घासलेला आहे आणि हे स्वस्त बर्नरमध्ये कमी दिसतं, म्हणूनच एवढा खटाटोप करावासा वाटला. जेटबद्दल विचारलं तेव्हा "सगळ्यांना हाच चालतो" एवढंच उत्तर. १.० पासून १.५ पर्यंतचे चार जेट डब्यात टाकायला त्यांना फार खर्च येणार नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

ऑर्डर करणार असाल तर आधी मेसेज करून न मारलेले, म्हणजे बिनभोकाचे जेट मागा. मागितले तर देतात, पानावर लिहिलेलं नाही. आटे तयार मिळाले की लेथवाल्याचं काम फक्त भोक मारण्याचं उरतं आणि तुम्हाला दोन-तीन मापं करून बघता येतात.