शब्दांआधी चित्र बोलते: ‘द लिव्हिंग रूम कँडिडेट’ या संग्रहाचे परीक्षण

न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज’ने उभारलेल्या या डिजिटल संग्रहात 1952 पासूनच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांतील दूरचित्रवाणी जाहिराती विनामूल्य पाहता येतात. प्रचारातील दृश्यभाषा समजून घ्यायची असेल, तर मी कोणालाही आधी येथेच पाठवीन.

7 सप्टेंबर 1964 रोजी दाखवलेली तत्कालीन अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची जाहिरात मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या खुडत चुकतमाकत आकडे मोजते. तेवढ्यात एका पुरुषाचा करडा आवाज उलटी मोजणी सुरू करतो, चित्र गोठते, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरतो आणि त्या काळोखातून अणुस्फोटाचा लोळ उठतो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव त्यात एकदाही येत नाही, कारण ते जोडण्याचे काम गोल्डवॉटर अण्वस्त्रे वापरतील ही प्रेक्षकाच्या मनात आधीच साठलेली भीती करते, आणि आपणच काढलेल्या निष्कर्षाशी वाद घालणे माणसाला फार अवघड जाते. ही जाहिरात पैसे मोजून एकदाच प्रसारित झाली. पुढचा प्रसार बातम्यांनी केला.

रोनाल्ड रेगन यांच्या 1984 च्या जाहिरातीत रानात फिरणारे अस्वल सोव्हिएत संघाचे नाव न घेता तेच काम करते, पण अधिक संथपणे.

संग्रहाची वर्षवार मांडणी मला विशेष उपयुक्त वाटली. एकदा आवाज बंद करून जाहिरात जरूर पाहावी. मन वळवण्याचे किती काम केवळ चित्राने केले आहे, ते तेव्हाच स्पष्ट दिसते.