हुएमधला एक दिवस: ग्रुप टूर की आपली गाडी?

व्हिएतनाममधल्या हुए या जुन्या राजधानीला बहुतेक जण एकच दिवस देतात. राजवाडा, थिएन मू पॅगोडा आणि न्गुयेन राजांच्या दोन-तीन समाध्या तेवढ्यात होतात. प्रश्न एवढाच, की बसच्या ग्रुप टूरने जायचं की ड्रायव्हरसकट गाडी करायची. मी दोन्ही करून पाहिलंय.

ग्रुप टूरमध्ये हॉटेलच्या दारातून उचलतात, तिकिटांची कटकट नसते आणि गाइड बोलका असला तर मजा येते. १९४७ आणि १९६८ च्या लढायांत राजवाड्याचं काय झालं हे कुणी सांगितलं नाही, तर आतली मोकळी हिरवळ नुसती बागच वाटते. १९६३ मध्ये सायगावात आत्मदहन केलेले भिक्खू थिक क्वांग डुक ज्या निळ्या ऑस्टिनमधून गेले, ती गाडी थिएन मूच्या आवारात आहे. वाचून गेला नसाल, तर तीही नजरेतून सुटेल. गाडी केली तेव्हा आमच्या ड्रायव्हरला इंग्रजीचा गंध नव्हता, सगळा कारभार फोनवरच्या भाषांतरावर.

ग्रुप टूरशी माझं बिनसलं ते न्गुयेन राजा तू डुकच्या समाधीपाशी. ही जागा त्याने हयातीतच बांधून घेतली आणि १८८३ मध्ये वारला तोवर इथे येऊन राहायचा. मूलबाळ नव्हतं, म्हणून एरवी मुलाने लिहायचा तो स्वतःचा शिलालेखही त्यानेच लिहिला! तळ्याकाठच्या लाकडी मंडपात जरा टेकतोय, तोच गाइडचा झेंडा वर. बरं, वाचवलेला वेळ गेला कुठे? उदबत्तीच्या दुकानात. लाल-पिवळ्या जुड्या फुलवून ठेवलेल्या असतात, फोटो झकास येतात, हे कबूल. पण तिथे मात्र कुणालाच घाई नव्हती. आणि आपल्याला उदबत्तीचं काय एवढं कौतुक?

गाडीने गेलो तेव्हा त्याच मंडपात कंटाळा येईपर्यंत बसलो. शाकाहारी असाल तर आणखी एक: हुए बौद्धांचं गाव, शाकाहारी खानावळी भरपूर. ग्रुपच्या बुफेत आमच्या वाट्याला उकडलेली भाजी आली होती. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

एकटे असाल, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या धो धो पावसात जाणार असाल, तर ग्रुप टूर वाईट नाही. तिघं-चौघं असाल तर मी गाडीच करेन. खाई दिन या दुसऱ्या न्गुयेन राजाची समाधी उघडल्या उघडल्या गाठा, तिथल्या १२७ पायऱ्या उन्हात जीव काढतात. तू डुक शेवटी ठेवा आणि त्यापुढे काही ठरवू नका.